लक्ष्य जनतेचे, मक्ता कंपनीचा

रक्ताच्या कर्करोगावर नवे औषध निघाल्याची बातमी आली, की भांडवली वृत्तपत्रांतून एक ठरीव आरती सुरू होते. बहुराष्ट्रीय कंपनीने अब्जावधी डॉलर ओतले, जोखीम पत्करली, म्हणून मानवजातीला हे वरदान लाभले. तेव्हा किंमत जबर असली तरी रुग्णांनी कुरकुर करू नये. आणि पेटंटचे कायदे सैल ठेवून भारतासारख्या देशांनी संशोधनाच्या मुळावर घाव घालू नये, असा या आरतीचा मथितार्थ असतो. ती इतक्या वेळा म्हटली जाते, की आपल्या चळवळीतील काही सुबुद्ध मित्रांनाही ती खरी वाटू लागली आहे. म्हणून तिची एकदा नीट तपासणी करणे अगत्याचे झाले आहे.

ही तपासणी करण्यासाठी दीर्घकालीन रक्तकर्करोगाइतके, विशेषतः क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणार नाही. नेमके लक्ष्य हेरून तयार केलेल्या गोळीने कर्करोग काबूत आणता येतो, हे जगाला याच रोगाने प्रथम दाखवून दिले. ती गोळी कोणाची, हा वाद सर्वांत कडव्या स्वरूपात लढला गेला तो आपल्याच देशातील न्यायालयांत. आणि आज या रोगावर जी नवी लक्ष्ये शोधली जात आहेत, त्यांच्या मालकीचा प्रश्नही तसाच आपल्या दारात उभा आहे.

लक्ष्य कोणी शोधले?

औषधाने पेशीतील ज्या नेमक्या रेणूवर घाव घालायचा, त्या रेणूला वैद्यकात औषधाचे लक्ष्य म्हणतात. लक्ष्य ठाऊक नसेल तर वैद्याच्या हाती उरते ते आंधळे विष. ते रोगी पेशींबरोबर निरोगी पेशींनाही मारते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत या रोगाचा रुग्ण बुसल्फान, हायड्रॉक्सियुरिया यांसारख्या औषधांवर काही वर्षे तग धरी, आणि मग एक दिवस रोग उसळून त्याला घेऊन जाई. ज्यांना जुळणारा दाता आणि खर्च दोन्ही मिळत, अशा थोड्यांनाच अस्थिमज्जा बदलून घेता येई. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांचा काहींना गुण येई, पण ती सोसणेच कठीण असे.

१९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या दोघा संशोधकांना या रुग्णांच्या पेशींत एक अवास्तव लहान गुणसूत्र आढळले. त्या शहराचेच नाव पुढे त्या गुणसूत्राला मिळाले. एका कर्करोगाशी गुणसूत्रातील एक ठरावीक बिघाड जोडलेला असल्याचा हा पहिला पुरावा होता. १९७३ साली शिकागो विद्यापीठातील जॅनेट राउली यांनी दाखवून दिले, की हा तुटलेला तुकडा नाहीसा झालेला नाही. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी आपापल्या तुकड्यांची अदलाबदल केली आहे. गुणसूत्रांची छायाचित्रे कात्रीने कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून त्यांनी हे कोडे सोडवले. पुढच्या दशकात नेदरलँड्स आणि अमेरिकेतील विद्यापीठीय व सरकारी प्रयोगशाळांनी या अदलाबदलीतून दोन जनुके एकमेकांना जोडली जातात, हे उघड केले. त्या जोडजनुकाचे नाव बीसीआर-एबीएल. त्यातून निर्माण होणारे विकर, म्हणजे टायरोसिन कायनेज, पेशीला अखंड वाढीची आज्ञा देत राहते. १९९० साली उंदरांवरील प्रयोगांनी सिद्ध झाले, की हे एकटे जोडजनुकच रोग उत्पन्न करण्यास पुरेसे आहे.

येथे लक्ष्य पूर्णपणे निश्चित झाले. तीस वर्षांची ही वाटचाल मुख्यतः विद्यापीठांतून आणि सरकारी अनुदानावर झाली. या शोधांपैकी एकाही शोधकाला लक्षाधीश होण्याची आशा नव्हती. कुतूहल, चिकाटी आणि करदात्यांचा पैसा या तीन गोष्टींवर हा पाया रचला गेला.

त्यानंतर सिबा-गायगी या स्विस कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी त्या विकराच्या खोबणीत चपखल बसणारा रेणू तयार केला, हे नाकारण्याचे कारण नाही. श्रमिकांच्या चळवळीला श्रमाचा मान राखता आलाच पाहिजे, मग ते श्रम कंपनीच्या प्रयोगशाळेतील असोत. परंतु तो रेणू या रोगावर वापरून पाहावा असा धोशा ज्यांनी लावला, ते ओरेगनमधील विद्यापीठीय वैद्य ब्रायन ड्रकर यांचे संशोधन मुख्यतः सरकारी आणि धर्मादाय निधीवर चालले होते. सिबा-गायगी आणि सँडोझ यांच्या विलीनीकरणातून १९९६ साली नोवार्टिस जन्मली. आणि या रोगाचे रुग्ण जगात फार नाहीत, तेव्हा बाजार लहान, या हिशोबाने तिचे पाय अडखळत होते. १९९८ साली रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या आणि निकाल थक्क करणारे आले. तरीही औषधाचे उत्पादन वाढवावे म्हणून १९९९ साली रुग्णांनाच सह्या गोळा करून कंपनीकडे निवेदन धाडावे लागले. ज्या जोखमीचा एवढा डांगोरा पिटला जातो, ती जोखीम कंपनीने किती आनंदाने पत्करली, ते यावरून दिसते.

गोळी आणि तिची किंमत

मे २००१ मध्ये अमेरिकेत इमॅटिनिबला मान्यता मिळाली. औषध खरोखर अपूर्व ठरले. पहिल्या मोठ्या चाचणीत हे औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते. मरणाची शिक्षा समजला जाणारा रोग रोजच्या एका गोळीने मधुमेहासारखा सांभाळता येऊ लागला.

आता किमतीकडे पाहा. अमेरिकेत २००१ साली या औषधाचा वर्षाचा खर्च सुमारे ३०,००० डॉलर होता. २०१२ पर्यंत तो सुमारे ९२,००० डॉलरवर पोहोचला. या अकरा वर्षांत गोळी तीच होती, कारखाना तोच होता, आणि संशोधनाचा खर्च केव्हाच वसूल झालेला होता. मग किंमत तिपटीने का वाढली? कारण मक्तेदारी होती, आणि मरणाच्या भीतीपुढे गिऱ्हाईक घासाघीस करीत नाही. २०१३ साली या रोगावरील शंभराहून अधिक तज्ज्ञांनी एकत्र येऊन या किमती असह्य असल्याचे वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. त्यांना कोणी समाजवादी म्हणणार नाही. रुग्ण औषधावाचून परत जाताना त्यांनी पाहिले होते, एवढेच.

भारतात कंपनीची गोळी महिन्याला सुमारे १,२०,००० रुपयांना पडे. भारतीय कारखाने तेच औषध आठ-दहा हजारांत देत होते. शेतमजुराच्या वा गिरणी कामगाराच्या घरात आठ हजार ही रक्कमही थोडी नव्हे. पण एक लाख वीस हजार आणि आठ हजार यांत जे अंतर आहे, ते मरण आणि जगण्याची धडपड यांतील अंतर आहे. त्यातही पाश्चात्त्य देशांत हा रोग बहुधा साठीच्या घरात गाठतो. आपल्याकडे त्याचे पुष्कळ रुग्ण तिशी-चाळिशीचे, म्हणजे घर चालविणारे हात आहेत, हे विसरून चालणार नाही.

कंपनीचे वकील येथे एक हुकमी पान टाकतात: कंपनी भारतात हजारो रुग्णांना औषध फुकट देत होती ना? होय, देत होती. ज्यांना ते मिळाले त्यांचे प्राण वाचले, त्याचा आनंदच आहे. परंतु दान आणि हक्क यांतील भेद ज्याला कळत नाही, त्याला लोकशाही कळलेली नाही. दान कोणाला द्यायचे, किती दिवस द्यायचे आणि कोणत्या अटींवर द्यायचे, हे दाता ठरवतो. शिवाय फुकट गोळीच्या ओलिताखाली मक्तेदारीचे पीक घेण्याची ही युक्ती जुनी आहे. रुग्णांच्या हाती गोळी आणि न्यायालयात त्यांच्याच विरुद्ध दावा, ही कोणत्या धर्मातील दया?

कलम ३(ड) ची लढाई

अय्यंगार समितीच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे झालेल्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट नाकारले, फक्त ते बनविण्याच्या पद्धतीवर ठेवले. भारतीय औषधउद्योग उभा राहिला तो या एका तरतुदीच्या बळावर. जागतिक व्यापार संघटनेच्या करारापुढे मान तुकवून आपण १ जानेवारी २००५ पासून पदार्थ-पेटंट पुन्हा स्वीकारले. परंतु त्या वर्षी कायदा दुरुस्त होताना डाव्या पक्षांनी आणि आरोग्य चळवळींनी नेटाने जो दबाव आणला, त्यातून कलम ३(ड) बळकट झाले. माहीत असलेल्या पदार्थाचे नुसते नवे रूप, त्याने गुणकारकता वाढत नसेल तर, शोध मानले जाणार नाही, असा त्याचा आशय आहे. जुनी दारू नव्या बाटलीत घालून आणखी वीस वर्षांचा मक्ता उकळायचा, या कंपन्यांच्या आवडत्या धंद्यावर त्याने बोट ठेवले.

नोवार्टिसने १९९८ साली चेन्नईला अर्ज केला होता तो इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर. नोव्हेंबर २००३ मध्ये तिला भारतात एकाधिकार विक्रीचा हक्कही मिळाला होता. मुंबईतील कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्था आणि भारतीय कंपन्या या अर्जाला आडव्या आल्या, आणि जानेवारी २००६ मध्ये पेटंट कार्यालयाने तो फेटाळला. कंपनीने मग कलम ३(ड) हेच घटनाबाह्य ठरवावे म्हणून मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. ऑगस्ट २००७ मध्ये तेथे ती हरली. २००९ साली अपीलमंडळानेही तिला पेटंट नाकारले. अखेर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने निर्णय दिला. स्फटिकरूप शरीरात तीस टक्के अधिक शोषले जाते, असा कंपनीचा दावा होता. न्यायालयाने सांगितले, की औषधाच्या बाबतीत गुणकारकता म्हणजे रोग बरा करण्याची शक्ती. ती वाढल्याचे सिद्ध झालेले नाही.

एका रुग्णसंस्थेने हरकत घेतली, तिला ऐकून घेणे कायद्याने भाग होते, आणि म्हणून अवघ्या तिसऱ्या जगाचे पाहणे बदलले. संसदेतील एक ओळ आणि पेटंट कार्यालयातील एक हरकतअर्ज यांत किती ताकद असते, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. शत्रूने ते केव्हाच ठेवले आहे.

विजयानंतरची घसरण

कारण विजयाच्या त्याच वर्षी पराभवही सुरू झाला. इमॅटिनिबला दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी डासॅटिनिब हे दुसऱ्या पिढीचे औषध आहे. त्याचे पेटंट असलेल्या अमेरिकी कंपनीच्या गोळ्यांचा खर्च महिन्याला दीड लाखाहून अधिक होता. मुंबईच्या एका कंपनीने ते आठ हजारांच्या आसपास देण्याची तयारी दाखवून सक्तीचा परवाना मागितला. मार्च २०१२ मध्ये दुसऱ्या एका कर्करोगाच्या औषधावर असा परवाना दिला गेला होता, त्यामुळे वाट घालून दिलेली होती. तरीही ऑक्टोबर २०१३ मध्ये हा अर्ज फेटाळला गेला. पेटंटधारकाशी आधी पुरेशी वाटाघाट केली नाही, असे तांत्रिक कारण देण्यात आले. आरोग्य मंत्रालयाने सरकारी अधिकारात परवाना द्यावा असे सुचविले, तर उद्योग खात्याने शंका काढून वेळ दवडला. रुग्णांना पेटंट संपेपर्यंत, म्हणजे २०२० पर्यंत, वाट पाहावी लागली. कर्करोग मात्र खात्याच्या टिपणीची वाट पाहत नाही.

मार्च २०२४ मध्ये स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांच्या संघाशी भारताने व्यापार करार केला. त्याच महिन्यात पेटंट नियम बदलले गेले. पेटंट देण्यापूर्वी हरकत घेणाऱ्याला आजवर शुल्क नव्हते. आता ते भरावे लागते, आणि हरकत ऐकण्यायोग्य आहे की नाही हे अधिकारी आधीच ठरवतो. पेटंटधारकाने आपला शोध देशात वापरला की नाही याचा हिशेब दरवर्षी द्यायचा होता. तो आता तीन वर्षांतून एकदा दिला तरी चालतो. नोवार्टिसचे मायघर स्वित्झर्लंड आहे, हा योगायोग ज्यांना मानायचा त्यांनी मानावा. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात तर औषधे उपलब्ध करण्याचा श्रेयस्कर मार्ग कंपनीच्या इच्छेने दिलेल्या परवान्यांचा आहे, असे आपल्या सरकारने मान्य केले. ज्या दरवाजातून रुग्णसंस्था आत शिरली होती, तो असा एकेक कडी लावून बंद केला जात आहे.

नवी लक्ष्ये आणि बाजाराला नको असलेली लक्ष्ये

हा बंदोबस्त नेमका आताच का, हे समजण्यासाठी प्रयोगशाळांकडे पुन्हा वळले पाहिजे. कर्करोगाची पेशी मूर्ख नसते. बीसीआर-एबीएल प्रथिनात ३१५ व्या जागी एक अमिनो आम्ल बदलले, की इमॅटिनिब, डासॅटिनिब आणि निलोटिनिब तिन्ही निष्प्रभ होतात. म्हणून प्रथिनाच्या दुसऱ्याच खोबणीत बसणारे असिमिनिब आले. त्याला अमेरिकेत ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली आणि त्याची मालकीही नोवार्टिसकडेच आहे. पण या दुसऱ्या खोबणीचे कार्य २००३ साली उलगडले ते हायडेलबर्गची युरोपीय सार्वजनिक प्रयोगशाळा आणि अमेरिकेतील विद्यापीठे यांतील संशोधकांनी.

दीर्घकालीन रक्तकर्करोगाचा दुसरा प्रकार, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, याची कथाही वेगळी नाही. पेशीला मरू न देणारे बीसीएल-२ हे प्रथिन नेमके काय करते, ते १९८८ साली मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत कळले. त्यावर घाव घालणारे व्हेनेटोक्लॅक्स २०१६ साली बाजारात आले. बीटीके हे दुसरे लक्ष्य १९९३ साली सापडले, तेही मुलांच्या एका दुर्मिळ जन्मजात रोगाचा माग काढताना, रुग्णालये आणि विद्यापीठे यांच्या प्रयोगशाळांत. त्यावरील इब्रुटिनिबला या रोगासाठी २०१४ साली मान्यता मिळाली. शोध आणि गोळी यांत वीस-पंचवीस वर्षांचे अंतर आहे. ती वर्षे समाजाने पोसली. फळ धरताच कुंपण घातले गेले.

पण याहून गंभीर गोष्ट आहे ती कोणती लक्ष्ये शोधली जात नाहीत ही. इमॅटिनिब रोगी पेशी मारते, परंतु रोगाच्या मूळपेशी अस्थिमज्जेत दडून राहतात. म्हणून गोळी जन्मभर घ्यावी लागते. रुग्णाचे हित कशात आहे? मूळपेशींचे लक्ष्य शोधून रोग उपटून काढण्यात आणि गोळी बंद करण्यात. कंपनीचे हित कशात आहे? गिऱ्हाईक आयुष्यभर टिकण्यात. हा दोष एखाद्या संचालकाच्या दुष्टपणाचा नव्हे. तो व्यवस्थेचा हिशोब आहे. फ्रान्समध्ये २००७ साली वैद्यांनी एक साधा प्रश्न विचारला: ज्यांच्या रक्तात दोन वर्षे रोगाचा मागमूस नाही, त्यांची गोळी थांबवली तर काय होईल? शंभर रुग्णांवरील त्या अभ्यासात सुमारे ४१ टक्के रुग्ण वर्षभरानंतरही औषधावाचून रोगमुक्त राहिले, आणि ज्यांचा रोग परतला तो पुन्हा औषधाने आटोक्यात आला. हा प्रश्न विचारण्यास नवा रेणू लागला नाही. लागली ती गोळी खपण्यापेक्षा रुग्ण मोकळा व्हावा अशी इच्छा.

मात्र अशी गोळी स्वतःच्या मनाने थांबवता येत नाही. त्यासाठी बीसीआर-एबीएलची अतिसूक्ष्म रक्ततपासणी वारंवार करावी लागते. ही तपासणी मोठ्या शहरांतील ठरावीक ठिकाणी होते. गडचिरोलीच्या वा नंदुरबारच्या रुग्णाला तिच्यासाठी मजुरी बुडवून, गाडीभाडे मोडून जावे लागते. म्हणजे मुक्तीचे विज्ञान हाती आले, पण तिचा दाखला देणारे यंत्र गरिबाच्या जिल्ह्यात पोहोचलेले नाही.

देशी भांडवलाचा भ्रम

आपल्यातील काहींचा असा समज आहे, की परदेशी कंपनीच्या जागी देशी कंपनी आली की प्रश्न सुटला. भारतीय कारखान्यांनी स्वस्त इमॅटिनिब दिले, हे त्यांचे ऐतिहासिक कार्य आपण मान्य करतो. पण ते कायद्याने घडवले, त्यांच्या काळजाने नव्हे. उद्या हेच कारखाने परदेशी मक्तेदारांशी हातमिळवणी करून परवान्याच्या अटींवर माल विकू लागतील. काही लागलेही आहेत.

पोवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल रुग्णालय या दोन सार्वजनिक पैशावरच्या संस्थांनी मिळून सीएआर-टी पेशींची देशी उपचारपद्धती घडवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला काही लिम्फोमा आणि तीव्र रक्तकर्करोगासाठी मान्यता मिळाली. किंमत अमेरिकेच्या सुमारे दहाव्या हिश्श्याची. हे अभिमानाचेच आहे. पण तीही लाखांतच आहे, आणि तिची विक्री आयआयटीतून निघालेल्या खाजगी कंपनीमार्फत होते. सार्वजनिक प्रयोगशाळा लक्ष्यावर नेमका घाव घालू शकते, हे येथे सिद्ध झाले. त्या घावाचे फळ जनतेच्या हाती देणारी सार्वजनिक यंत्रणा मात्र उरलेली नाही. ती होती. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स उभी राहिली आणि तिने देशाला पेनिसिलीन दिले. १९७५ साली हाथी समितीत तर बहुराष्ट्रीय औषधकंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा विचार मांडला गेला. आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयडीपीएल बंद करण्याचा व पिंपरीचा कारखाना विकण्याचा निर्णय केला. ज्या जमिनीवर औषधे पिकायची, त्या जमिनीचा भाव विचारला जाऊ लागला.

आपण काय मागावे

पहिली गोष्ट, कलम ३(ड) आणि पेटंटपूर्व हरकतीचा हक्क कोणत्याही व्यापार कराराच्या वाटाघाटीत मांडला जाता कामा नये. २०२४ चे नियम मागे घेतले पाहिजेत. दुसरी, सरकारी अनुदानातून सापडलेले कोणतेही लक्ष्य वा रेणू एकाच कंपनीला मक्त्याने देण्यास कायद्याने बंदी हवी, आणि परवाना देताना किमतीची अट हवी. तिसरी, मूळपेशींसारख्या ज्या लक्ष्यांत बाजाराला रस नाही, त्यांसाठी सार्वजनिक निधी राखून ठेवला पाहिजे, आणि पिंपरीचा कारखाना विकण्याऐवजी कर्करोगाच्या औषधांसाठी पुन्हा उभा केला पाहिजे. चौथी, बीसीआर-एबीएलची तपासणी प्रत्येक जिल्हा रुग्णालयातून मोफत मिळाली पाहिजे. इमॅटिनिब २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. अत्यावश्यक औषध देऊन त्याची अत्यावश्यक तपासणी न देणे ही फसवणूक आहे.

या मागण्या तज्ज्ञांच्या परिसंवादासाठी नाहीत. कामगार संघटनांनी त्या कामगार विमा रुग्णालयांच्या दारात मांडाव्यात, औषधविक्री प्रतिनिधींच्या संघटनांनी आपल्या अनुभवाची जोड द्यावी, ग्रामीण कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यात या रोगाचे किती रुग्ण आहेत आणि त्यांची गोळी कोठे अडते, याची पाहणी करावी. २००५ साली संसदेत जी एक ओळ कायद्यात बसली, ती रस्त्यावर आणि रुग्णालयांच्या ओसऱ्यांत आधी बोलली गेली होती. आता ती ओळ राखण्याची आणि तिच्यापुढे दुसरी लिहून घेण्याची वेळ आली आहे.